वडापनं रोजचं अप-डाऊन करणार असाल तर गाडीत बसायच्या आधी हे वाचा

नव्या नोकरीची नाहीतर बदलीची ऑर्डर हातात पडते, गाव तालुक्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत असतं, आणि पहिल्या दिवशी स्टॅन्डवर उतरल्यावर कळतं की सकाळची एसटी पावणेआठलाच गेली आणि पुढची थेट दीड वाजता. मग चहाच्या गाड्यावरचा कुणीतरी सांगतो, वडापनं जावा की, पलीकडं कॉर्नरला लागलीय बघा. माझं असंच सुरू झालं. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, सांगली जिल्ह्यात, नऊ वर्षं झाली अप-डाऊन करतेय. दर जूनला शाळेत नाहीतर शेजारच्या आरोग्य उपकेंद्रात नवीन कुणीतरी येतं आणि मी तेच सगळं तोंडी सांगत बसते, म्हणून यावेळी लिहूनच काढलं.

सीटमागं पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या, एसटी नसलेल्या गाडीला आमच्याकडं वडाप म्हणतात, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी, अलिबागकडं मिनीडोर नाहीतर विक्रम. गाडी ओम्नी असो, इको, मॅजिक नाहीतर क्रूझर, भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावर मग थांबत नाही.

मी वडापच्या विरोधात अजिबात नाही. आमच्या गावच्या पोरी कॉलेजला गेल्या त्या वडापमुळं, रात्री अकरा वाजता बाळंतीण दवाखान्यात नेली ती वडापवाल्यानंच, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप लांबला तेव्हा सरकारनंच खाजगी गाड्यांना प्रवासी न्यायची परवानगी दिली होती. पण याच गाड्यांत माणसांचे जीव जातात हेही तेवढंच खरंय. जुलै २०२४ मधे जालना-राजूर रस्त्यावर पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी रस्त्याकडेच्या विहिरीत पडली, सात जण गेले. जानेवारी २०२५ मधे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ प्रवासी गाडीला मागून टेम्पोची धडक बसली आणि ती पुढं उभ्या असलेल्या बसवर आदळली, नऊ जण गेले. या बातम्या आल्या की आठवडाभर सगळे ड्रायव्हर हळू चालवतात, पोलीस पण नाक्यावर दिसतात, आणि मग परत जैसे थे. म्हणून आपण काय करायचं ते आपल्याला माहीत पाहिजे.

आधी हे समजून घ्या, गाडी एवढी पळते कशाला

नवीन माणसाला वाटतं ड्रायव्हर तरुण आहे, मस्ती आहे, म्हणून पळवतो. तसे पण असतात. पण बहुतेकांचा हिशोब वेगळा असतो. स्टॅन्डवर नंबर असतो, म्हणजे आलेल्या क्रमानं गाडी लागायची आणि आपली पाळी आली की सीट भरायची. परत यायला दहा मिनिटं उशीर झाला की दोन गाड्या पुढं लागतात, म्हणजे पाऊण तास नुसतं बसून राहायचं, आणि दिवसाची एक फेरी गेली. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे, स्वतःची असेल तर फायनान्सचा हप्ता, वर डिझेल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून आमच्या मार्गावर तरी बायका एसटीची वाट बघत थांबतात, त्यामुळं वडापला सीट कमी आणि त्यासाठी ओढाताण जास्त. पुढं एसटी चाललेली दिसली की तिच्या आधी फाट्यावर पोचायचं, कारण फाट्यावर चार माणसं उभी असणार आणि जो आधी पोचेल त्याची ती. सगळ्यात वाईट कट आणि सगळ्यात वाईट ब्रेक तुम्हाला फाट्याच्या अलीकडच्या एक किलोमीटरातच बघायला मिळतील, तिथं जपून बसा.

आणि या सगळ्यात वाचतं किती? आमचा रस्ता अठरा किलोमीटरचा. साठच्या स्पीडनं अठरा मिनिटं लागतात, ऐंशीनं साडेतेरा. साडेचार मिनिटं वाचली. त्या साडेचार मिनिटांसाठी ब्रेक लागायचं अंतर पावणेदोन पटीच्या वर जातं, कारण ते स्पीडच्या वर्गानं वाढतं, आणि ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर सरकते, म्हणजे ड्रायव्हरनं मोबाईलकडं दोन सेकंद बघितलं तर चव्वेचाळीस मीटर रस्ता कुणी बघितलेलाच नसतो. हे मी सातवीच्या पोरांना गणितात घालते. ती घरी जाऊन बापाला सांगतात, आणि त्यातले दोघं बाप ड्रायव्हरच आहेत.

पहिल्या आठवड्यात करायचं काम

सगळ्यात आधी एसटीचं टाइमटेबल नीट काढा. स्टॅन्डवरचा बोर्ड जुना असतो, त्यावर जाऊ नका, कंट्रोलरच्या खिडकीत जाऊन विचारा, आणि मुक्कामी गाडी कुठली, शाळेची गाडी कुठली, बाजारादिवशी जादा कुठली, असं तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण नुसतं "गाडी किती वाजता" विचारलं तर एकच वेळ सांगतात. नऊ वर्षांत मी निम्म्याहून जास्त फेऱ्या एसटीनं केल्यात ते फक्त वेळा पाठ आहेत म्हणून. वीस मिनिटं थांबून एसटी मिळत असेल तर थांबा, हे माझं पहिलं आणि शेवटपर्यंतचं सांगणं.

दुसरं, आपल्या मार्गावरचे चार-पाच बरे ड्रायव्हर हेरून ठेवा. यासाठी कुणाला विचारायचं तर रोज जाणाऱ्या बायकांना, म्हणजे अंगणवाडीताई, आशा, भाजी घेऊन जाणाऱ्या मावशी. पुरुषांना विचारलं तर "सगळेच चांगले हायत की" म्हणतात. मावश्या नेमकं सांगतात, हा पितो, हा दुपारनंतर झोपेत असतो, हा चांगला आहे पण याच्या गाडीचं दार लागत नाही. अशा ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवा, आदल्या रात्री फोन केला की सीट राखून ठेवतात, निदान आमच्याकडं तरी ठेवतात.

स्टॅन्डवर: बसायच्या आधी एक चक्कर मारा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हीच सगळे विसरतात, कारण एजंट ओरडत असतो, एक सीट, एक सीट, चला मॅडम लगेच निघालीय, आणि आपण घाईघाईत चढतो. लगेच काही निघालेली नसते. एकदा आत दाटीत अडकलात की मग तुमच्या हातात फार काही राहत नाही, म्हणून जे बघायचं ते बाहेर उभं राहून बघा, दोन मिनिटं पुरतात.

नंबर प्लेट बघा. पिवळी पाटी काळी अक्षरं म्हणजे भाड्याची, परवान्याची गाडी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, तिला पैसे घेऊन सीट न्यायची परवानगीच नाही, आणि विनापरवाना चालवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड आहे. आमच्या मार्गावर निम्म्या गाड्या पांढऱ्याच आहेत, तुमच्याकडं पण असतील, आणि कधीतरी त्यात बसावं लागेल हेही मला कळतं. पण दोन्ही उभ्या असतील तर पिवळीच घ्या, का ते खाली विम्याच्या भागात सांगते. एम परिवहन ॲपमधे गाडीचा नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत ते दिसतं. रोज जायच्या चार गाड्यांचं एकदा घरी बसून बघून ठेवा. मी बघितलं तेव्हा त्यातल्या एकीचा विमा सात महिन्यांपूर्वीच संपलेला, मी ड्रायव्हरला तसं सांगितलं तर त्यालाच माहीत नव्हतं, गाडी मालकाची, हा आपला पगारावर.

टायर बघा. वाकून बघायला लाज वाटत असेल तर चप्पल नीट करायचं निमित्त करा. टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल, कडेला तारा दिसत असतील तर पावसाळ्यात त्या गाडीत बसू नका. सरकतं दार असलेल्या गाड्यांत दार बघा, हे मी हात जोडून सांगते. ओम्नी-इकोची दारं जुनी झाली की लॉक पकडत नाहीत, मग आतून सुतळीनं बांधलेलं असतं नाहीतर दाराशेजारच्या माणसाला "जरा धरून बसा" सांगतात. माझ्या पहिल्या वर्षी मी तशी दार धरून बसलेली आहे, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, डावा हात दाराच्या कडीत, वळणावर दार चार बोटं उघडलं आणि खाली डांबर पळताना दिसलं, ते अजून स्वप्नात येतं. दार धरून बसायची वेळ आली तर उतरा.

गॅसवरच्या गाडीत आत शिरताना वास आला तर बसू नका. कंपनीच्या किटचं काही नाही, पण काही गाड्यांत घरगुती सिलिंडरमधला गॅस भरलेला असतो, आणि भरलेल्या व्हॅनमधे बाहेर पडायचं दार अडलेलं असतं. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी असते, तिचं पत्र विचारायला हरकत नाही. दाखवलं नाही तरी चालेल, त्याच्या तोंडावरनं कळतं.

शेवटी ड्रायव्हरकडं बघा. त्याच्याशी एक वाक्य बोला, "दादा, किती वेळ लागेल पोचायला?" वयस्कर असेल तर मामा म्हणा. एका वाक्यात वास कळतो, डोळे लाल आहेत का कळतं, आणि उत्तरावरनं स्वभाव पण कळतो. "पंधरा मिनिटात सोडतो" म्हणणाऱ्यापेक्षा "रस्ता खराब हाय बाई, अर्धा तास धरा" म्हणणारा मला नेहमी बरा वाटलाय.

कुठं बसायचं

मधली रांग, तोंड पुढं असलेली, शक्यतो पट्टा असलेली जागा. पट्टा सीटच्या फटीत खाली गेलेला असतो, ओढून काढा, धुळीनं माखलेला असतो, ओढणी खराब होईल, होऊ दे. व्हॅनसारख्या गाड्यांना पुढं नाक नसल्यासारखंच असतं, त्यामुळं समोरून धडक बसली तर पुढच्या सीटवरच्या माणसाचे पाय पहिले सापडतात. अगदी मागची जागा पण नको, मागून ठोकर बसली की तुमच्या पाठीमागं फक्त पत्रा आणि काच. क्रूझर-ट्रॅक्समधे मागं आडव्या समोरासमोरच्या सीटा असतात, त्यात धरायला काही नसतं, ब्रेक लागला की सगळे एकमेकांवर. मागच्या शिडीवर, फाळक्यावर, टपावर कधीच नाही, फुकट नेलं तरी नाही.

एक प्रकार नवीन माणसाला विश्वास बसणार नाही असा. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, म्हणजे दार आणि ड्रायव्हरच्या मधे, एक माणूस बसवतात. ड्रायव्हर अर्धा डावीकडं सरकलेला, स्टेअरिंग तिरकं धरलेलं, आणि गिअर शेजारच्या कॉलेजच्या पोरीच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे, प्रत्येक वेळी गिअर टाकताना तिनं अंग चोरायचं. अशा गाडीत वेळेवर ब्रेक लागेल, वेळेवर गिअर पडेल ही अपेक्षाच करू नका. पोरींनी आणि बायकांनी ती जागा सरळ नाकारावी, "मी मागं बसते नाहीतर पुढच्या गाडीनं येते" एवढं म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही, आणि शेजारची एखादी पोर तिथं बसत असेल तर तिला हाक मारून आपल्याजवळ जागा करा.

सामानाचं थोडक्यात सांगते. स्टीलचा डबा, बाटली, जड पिशवी मांडीवर नको, पायाशी ठेवा. ओढणी-पदर दाराच्या आत. लहान मूल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका.

गाडी किती भरली ते मोजा, कारण यावर तुमचे पैसे ठरतात

गाडी किती सीटची पास आहे ते आरसी बुकात असतं. त्यावर जास्त माणसं भरली तर जादा प्रत्येक माणसामागं २०० रुपये दंड आहे, आणि ती जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढं सोडायची नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे नाक्यावर पोलिसांनी अडवलं आणि नुसती पावती फाडून तेवढीच माणसं घेऊन गाडी सोडली तर ते नियमाला धरून नाही, तुम्ही तसं विचारू शकता.

पण खरा मुद्दा विम्याचा, जो मला पण एका वकील पालकानं सांगितला तोपर्यंत माहीत नव्हता. सात सीटच्या गाडीत पंधरा माणसं असतील आणि अपघात झाला, तर विमा कंपनीवर जबाबदारी फक्त सात जणांची येते. सुप्रीम कोर्टानं २००७ च्या एका निकालात हेच सांगितलं, तिथं ४२ सीटच्या बसमधे ९० जण होते. जेवढ्या सीटचा विमा तेवढ्या सगळ्यात मोठ्या भरपाईच्या रकमा कंपनीनं भरायच्या आणि मग ते पैसे सगळ्यांत वाटून द्यायचे, राहिलेलं मालकाकडून वसूल करत बसा. आता वडापच्या मालकाकडं असतं काय, हप्त्यावरची एक गाडी, ती पण चेपलेली. म्हणजे आठवा माणूस आत शिरतो तेव्हा नुसती जागा कमी होत नाही, आत बसलेल्या सगळ्यांच्या घरच्यांचा वाटा कमी होतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत तर याहून वाईट, परवाना नाही म्हणून कंपनी कोर्टात हात वर करते, आणि नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीबाहेरच्या दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता विमा, असेल तर खाजगी गाडीतल्या बसलेल्यांना तो बहुतेक वेळा लागूच होत नाही. हे आमच्या गावात मी हळदीकुंकवाला सांगितलं होतं, त्यानंतर दोन-चार बायका तरी गाडी भरलेली दिसली की थांबायला लागल्या.

गाडी सुटल्यावर

ड्रायव्हर फोनवर बोलतोय, रील बघतोय, समोरच्या एसटीशी रेस लावलीय, वळणावर ओव्हरटेक करतोय, अशा वेळी बोला. लगेच बोला, भीती वाटायला लागली त्याच क्षणी, पुढच्या फाट्याची वाट बघू नका. कसं बोलायचं याचं पण एक शास्त्र आहे. "नीट चालव रे" म्हटलं की तो चिडतो आणि अजून दाबतो, तरुण पोरगा असेल तर नक्कीच, चारचौघांत त्याचा अपमान होतो. त्याऐवजी स्वतःवर घ्या. "दादा, मला गाडी लागते, जरा हळू घ्या, नाहीतर इथंच उलटी होईल" हे वाक्य मी कमीत कमी पन्नास वेळा वापरलंय आणि प्रत्येक वेळी स्पीड कमी झालाय, कारण सीट धुवायची कुणाला हौस नसते. फोनवर असेल तर "दादा, तुम्ही बोलून घ्या निवांत, बाजूला थांबवा, आम्हाला घाई नाही." हे मोठ्यानं म्हणा, मग मागचं कुणीतरी हो म्हणतंच.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन वडाप, दोन्हीचे ड्रायव्हर ओळखीचे, एकमेकांना कट मारत चाललेले, आमच्या गाडीत मी धरून अकरा जण, सगळे गप्प, प्रत्येकाची नजर खिडकीबाहेर, आणि सगळ्यांनी समोरची दांडी घट्ट धरलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागनं एक आजोबा, धोतर-टोपीतले, शांतपणे म्हणाले, "बाळा, माझं तिकीट घे आणि मला हितंच उतरीव." पोरगा म्हणाला आजा गाव लांब हाय अजून. "असू दे, चालत जातो." मग एक बाई म्हणाल्या मला पण उतरव, मग मी, मग कॉलेजची दोन पोरं. पोरानं गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं काही बोलला नाही, दुसरी गाडी गेली पुढं निघून, आणि मग आम्हाला सगळ्यांना चाळीसच्या स्पीडनं घरी सोडलं. कुणीच उतरलं नाही शेवटी. तेव्हापासून मी नव्या लोकांना हेच सांगते की उतरायचंय म्हणून सांगा, आणि खरंच उतरायची तयारी ठेवा, पैसे गेले तर वीस-तीस रुपये जातील. फक्त उतरताना जागा बघा, वस्ती, टपरी, पेट्रोलपंप असं काही असलेलं ठिकाण, अंधारात माळावर नाही.

घाटात आणि उतारावर एक आवाज ओळखायला शिका. उतार लागला की काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, इंजिनची घरघर एकदम कमी होते आणि गाडी नुसती सुसाट वाहत जाते. न्यूट्रलमधे इंजिन गाडीला मागं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पकडत नाहीत. कुणी चावीच बंद केली तर अजून वाईट, बंद इंजिनवर ब्रेक दोन-तीन दाबातच कडक होतो आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. इंजिनचा आवाज गेला की लगेच विचारा, "मामा, गिअरमधे आहे ना गाडी?" हा प्रश्न मास्तरीणबाईनं विचारला की ते दचकतात आणि गिअर टाकतात.

ऊसाच्या सीझनमधे, म्हणजे दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत, अंधार पडल्यावरचा प्रवास होता होईल तो टाळा. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही नाहीतर चिखलानं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि समोरून गाडीचा डिपर डोळ्यावर आला की ती ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. त्या दिवसांत मी सहाच्या आत घरी, मिटिंग असली तरी साहेबांना सांगून निघते.

उतरताना डाव्या बाजूनं उतरा, आणि गाडीच्या पुढनं रस्ता ओलांडू नका, गाडी जाऊ द्या, मग दोन्हीकडं बघून ओलांडा. आमच्या शाळेतल्या पोराला असंच लागलं होतं, वडापच्या आडून पळत निघाला आणि मोटारसायकलखाली आला, पायावर निभावलं.

झालाच अपघात तर

११२ ला फोन, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, नॅशनल हायवे असेल तर १०३३ पण चालतो. ठिकाण सांगताना गावाचं नाव, किलोमीटरचा दगड नाहीतर जवळचा ढाबा-पंप सांगा. बेशुद्ध माणसाला मान हलवून ओढू नका, आग किंवा गॅसचा वास असेल तर मात्र बाहेर काढावंच लागतं. मदत केली म्हणून पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती सोडा, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती पण करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा उपचार पैसे न भरता, म्हणून नातेवाईक पैसे घेऊन येईपर्यंत थांबायचं नाही, ॲडमिट करताना योजनेचं नाव घेऊन विचारा.

जमेल त्यानं गाड्यांचे नंबर प्लेटसकट फोटो काढावेत, गाड्या हलवायच्या आधी. मालक हॉस्पिटलात येऊन "दवाखान्याचा खर्च करतो, केस नको" म्हणतो, आणि ओळखीचा असतो म्हणून लोक ऐकतात, मग दोन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन निघतं तेव्हा तो फोन उचलत नाही. एफआयआर करा, दवाखान्याचे सगळे कागद जपा, आणि मोटार अपघात दावा प्राधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा.

तक्रार आणि त्यापुढचं

धोकादायक चालवणं, त्यात हातात मोबाईल धरून चालवणं पण आलं, त्याच कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. तक्रारीत गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, कुठल्या दिशेला चालली होती आणि नेमकं काय केलं एवढं लिहा, आरटीओला आणि जिल्हा वाहतूक शाखेला दोन्हीकडं द्या, पोच घ्या. एकट्यानं दिली तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसायची पंचाईत होते, म्हणून पाच-सहा जणांच्या सह्या घ्या, नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीच्या लेटरहेडवर द्या, आम्ही तसं केलं होतं. पण त्याआधी एकदा त्या ड्रायव्हरच्या घरच्यांशी बोलून बघा, गाव लहान असतं, माझ्या अनुभवात आईच्या कानावर गेलेली गोष्ट लवकर लागू पडते.

आणि एसटी मागा. हे काम कुणी करत नाही. आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, शाळा-कॉलेज सुटायची वेळ आणि रोज किती माणसं जातात त्याची यादी नावानिशी, पासवाली पोरं वेगळी दाखवायची. आम्ही दोनदा अर्ज दिला, पहिला कुठं गेला कळलं नाही, दुसऱ्या वेळी सरपंच वहिनी स्वतः आगारात जाऊन बसल्या. आता संध्याकाळी पाच चाळीसला गाडी येते. पहिला महिना तिच्यात माणसं कमी दिसली असती तर बंद झाली असती, म्हणून आम्ही मास्तर मंडळी, पोरं, बाजारच्या मावश्या, सगळ्यांनी ठरवून महिनाभर तिच्यातनंच जायचं असं केलं, वडाप समोर उभी असली तरी. तुमच्या गावाला अशी गाडी नवीन सुरू झाली असेल तर तुम्ही पण पहिल्या दिवसापासून तिच्यातच बसा, आणि कंडक्टरला तिकीट मागून घ्या, नोंद त्यावरनंच होते.